सत्र आणि स्मरण

मराठीच्या अध्यापकाला 'सत्र' हा शब्द रोजचा. पहिले सत्र, दुसरे सत्र, सत्रान्त परीक्षा, सत्रारंभाची बैठक. आमची वर्षे याच शब्दाने कापली जातात. जरा मागे गेले तर हा शब्द यज्ञशाळेतून आलेला आहे हे ध्यानात येते. दीर्घकाळ चालणारा सोमयाग म्हणजे सत्र, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात यजमान वेगळा नि ऋत्विज वेगळे असा भेद नसतो. बसलेले सगळेच यजमान, म्हणून दक्षिणाही नाही. महाभारताची कथा सौतीने सांगितली तीही नैमिषारण्यात, शौनकाच्या बारा वर्षांच्या सत्रात. एवढा वंश असलेला हा शब्द आता आम्हांला संगणकाच्या पडद्यावर भेटतो: 'तुमचे सत्र समाप्त झाले आहे. कृपया पुन्हा लॉग-इन करा.' परीक्षेचे अर्ज, गुणांच्या नोंदी, शिष्यवृत्तीची पडताळणी असे ज्याला आज अध्यापन म्हणतात त्यातला बराचसा भाग या वाक्याच्या छायेत चालतो. हे सत्र नेमके कोण चालवते, कुठे चालते आणि मध्येच का मोडते, याचा थोडा शोध आम्ही दोघांनी घेतला. विषय आमचा नव्हे. पण स्मरण, ओळख आणि पाठ यांचा तो प्रश्न निघाला, आणि ते विषय आमचेच आहेत.

आंतरजालाची पायाभूत रीत, जिला एचटीटीपी म्हणतात, ती मुळातच विसराळू आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत ती घडवली. ब्राउझरने मागावे, सर्व्हरने द्यावे, आणि दिल्यावर मागणारा कोण होता हे सोडून द्यावे. त्याच माणसाने दोन सेकंदांनी पुन्हा काही मागितले तरी सर्व्हरच्या लेखी तो परकाच. यात गैर काही नव्हते. संशोधकांनी एकमेकांची टिपणे वाचावीत एवढ्यासाठी ही व्यवस्था होती, आणि ग्रंथालयातल्या कपाटाने वाचकाची ओळख ठेवावी अशी अपेक्षा कोणी करत नाही. अडचण आली ती कपाटाशी देवघेव सुरू झाल्यावर. 'मघाशी जे निवडले ते' असे म्हणायचे तर मघाचे कोणाला तरी आठवले पाहिजे. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने पहिल्या भेटीत ब्राउझरच्या हाती एक खूण द्यावी, ब्राउझरने ती प्रत्येक भेटीत दाखवावी. या खुणेला 'कुकी' म्हणतात. नावाचा खाऊशी दूरचाच संबंध, 'मॅजिक कुकी' ही संज्ञा संगणकवाल्यांत आधीपासून प्रचलित होती. बहुतेक वेळा या खुणेत माणसाविषयी काहीच नसते, केवळ एक लांबलचक, अर्थहीन क्रमांक असतो. माणसाविषयीची माहिती, म्हणजे तो कोण, अर्जाच्या कोणत्या पानावर आहे, मघाशी काय भरले, ही त्या क्रमांकाखाली सर्व्हरपाशी ठेवलेली असते. या साठ्याला सेशन म्हणायचे. ब्राउझरकडे किल्ली, सर्व्हरकडे पेटी.

'शाकुंतल' शिकवणाऱ्याला इथे अंगठी आठवणारच. नाटकाच्या नावातले 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण. दुष्यंत विसरला आहे, दुर्वासाच्या शापाने विसरला आहे, आणि खूण दिसताच त्याला सगळे आठवणार आहे. अंगठीत गोष्ट नाही, गोष्ट राजाच्या मनात आहे, अंगठी फक्त ते दार उघडते. अंगठी देताना राजाने मुदतही घातलेली होती: तिच्यावर कोरलेल्या नावाचे रोज एकेक अक्षर मोज, अक्षरे संपतील तोवर माझा माणूस तुला न्यायला येईल. सेशनलाही मुदत असते, अक्षरांऐवजी मिनिटांची. एएसपी डॉट नेटमध्ये मूळ ठरावाप्रमाणे २० मिनिटे, पीएचपीत २४, टॉमकॅटमध्ये ३०. धीवराचा प्रवेश तर याहून मार्मिक आहे. माशाच्या पोटात राजमुद्रा सापडलेला तो गरीब माणूस चोर म्हणून मार खातो. सर्व्हर मात्र रक्षकांहून भोळा. अंगठी ज्याच्या हाती ती शकुंतला असे तो धरून चालतो आणि धीवरालाच अंतःपुरात पोचवतो. म्हणून ती खूण उघड्या वाटेने नेऊ नये, लॉग-इन होताच बदलावी, असे नियम या लोकांनी करून ठेवले आहेत.

इथवर दुष्यंत एकच होता. गोष्टीला खरे वळण लागते ते दुष्यंत अनेक झाल्यावर.

काही वर्षांपूर्वी परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी आमच्या महाविद्यालयाच्या संगणककक्षात विद्यार्थ्यांची रांग दाराबाहेर गेली होती. संकेतस्थळ कोणाचे हे इथे महत्त्वाचे नाही. सकाळी ते नुसते मंद होते. दुपारनंतर वेगवान झाले, पण एक विचित्र आजार घेऊन. विद्यार्थी लॉग-इन करी, पहिले पान भरी, 'पुढे' म्हणे, आणि त्याला पुन्हा दाराशी आणून सोडले जाई. कधी दुसरे पान लागे, कधी तिसरे, मग पुन्हा दार. एका मुलाने सात वेळा आपले नाव, जात, आधीच्या परीक्षेचा बैठक क्रमांक भरला. मजुरी बुडवून आलेला मुलगा होता. संध्याकाळची एसटी गाठायची म्हणून आठव्यांदा न भरताच निघून गेला. त्याचा अर्ज पुढे विलंबशुल्कासह भरला गेला, आणि ते शुल्क त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढे होते.

आमच्याकडे अकरावी-बारावीला मराठी शिकलेला एक विद्यार्थी पुण्यात हेच काम करतो. त्याला फोनवर लक्षणे सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, दुपारी त्यांनी सर्व्हर वाढवले असणार." औषधानेच आजार झाला होता. गर्दी झाली म्हणून एकाऐवजी चार सर्व्हर मांडले, पुढे वाटप करणारा एक द्वारपाल बसवला. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. द्वारपाल येईल त्याला पाळीपाळीने चारांपैकी एकाकडे धाडतो. पण पेट्या मात्र प्रत्येक सर्व्हरच्या आपापल्या खोलीत. पहिल्याने दिलेली अंगठी दुसऱ्याला दाखवली की तो शाप लागल्यासारखा पाहतो. त्याच्यावर शाप काही नाही. तो या मुलीला कधी भेटलेलाच नाही. "सर्व्हर विसरत नाही सर," आमचा विद्यार्थी आमच्यातल्या दुसऱ्याला म्हणाला, "त्याला ते माहीतच नसतं." विस्मरण आणि अपरिचय यांतला हा फरक एरवी आम्ही वर्गात रंगवून सांगितला असता.

यावरचा सर्वांत सोपा उपाय द्वारपालाला शिकवण्याचा. जो ज्या सर्व्हरकडे पहिल्यांदा गेला त्याला नेहमी तिकडेच पाठवायचे. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकला गेलेल्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. गाव आणि आडनाव सांगितले की घाटावरची माणसे तुम्हांला तुमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायाकडे पोचवतात, कारण तुमचे पणजोबा त्याच्याच वहीत आहेत, शेजाऱ्याच्या नाहीत. टॉमकॅटमध्ये तर ओळख-क्रमांकाच्या शेवटी टिंब देऊन सर्व्हरचे नावच लिहिण्याची सोय आहे. पद्धत स्वस्त आहे आणि बराच काळ चालते. मात्र उपाध्याय गेला, वही जळली, की घराणे संपले. शिवाय द्वारपाल माणसाला कशावरून ओळखतो यावरही पुष्कळ अवलंबून आहे. काही ठिकाणी तो येणाऱ्याचा आयपी पत्ता पाहतो. आमच्या कक्षातल्या सगळ्या यंत्रांचा बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता एकच असतो. म्हणजे अख्खे महाविद्यालय एका सर्व्हरच्या दाराशी चेंगरणार आणि बाकीचे तिघे माशा मारत बसणार. ग्रामीण महाविद्यालयातली मुले सामाईक जोडणीवरून येतात हे ज्याला ठाऊक नाही त्याने आखलेली ही वाट.

दुसरा उपाय आम्हांला अधिक विचार करायला लावणारा वाटला. प्रत्येक सर्व्हरने आपल्याला जे कळले ते बाकीच्यांना सांगत राहायचे. चार असतील तर प्रत्येकाने तिघांना, म्हणजे एका फेरीत १२ निरोप. आठ झाले की ५६. टॉमकॅटमध्ये ही सोय आहे, पण ती लहान समूहालाच मानवते असे त्याच्या कागदपत्रांतच म्हटले आहे, कारण समूह मोठा झाला की कामापेक्षा सांगण्यातच दिवस जातो. (विद्यापीठीय समित्यांचा अनुभव असलेल्यांना वेगळा पुरावा नको.) म्हणून सर्वांना सांगण्याऐवजी कुणा एकालाच सांगून ठेवण्याचीही पद्धत आहे. याहून रोचक अट वेगळीच. एका सर्व्हरच्या मनातले दुसऱ्याला सांगायचे तर ते आधी सांगण्याजोगे करावे लागते, म्हणजे सुट्या वस्तूंची एका ओळीतली अक्षरमाला करावी लागते. जावात तशी खूण त्या वस्तूवर स्पष्टपणे करावी लागते. नाव, क्रमांक, निवडलेले विषय हे सहज सांगता येते. उघडलेली फाइल, चालू असलेली जोडणी, म्हणजे ज्याचे असणे त्या क्षणाशी आणि त्या यंत्राशी बांधलेले आहे, ते सांगता येत नाही. ते तिथेच राहते आणि यंत्राबरोबर जाते.

आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात याचे एक थोर उदाहरण आहे. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली, आणि 'लीळाचरित्र' पुन्हा उभे राहिले ते ज्यांच्या मुखात होते त्यांच्या आठवणीतून. प्रत एक होती, स्मरणे अनेक होती, म्हणून ग्रंथ वाचला. पण अनेक स्मरणांतून उभा राहिल्यामुळे त्याला पाठभेदही लागले, आणि परंपरेचा मोठेपणा असा की कोणाच्या आठवणीत काय होते याच्या नोंदी तिने पुसल्या नाहीत. यंत्रांपुढे हाच पेच येतो. दोन सर्व्हरांमधली वाट काही क्षण तुटली आणि तेवढ्यात दोघांनीही एकाच माणसाविषयी वेगवेगळे ऐकले, तर खरे कोणते? ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या 'डायनॅमो' या साठवणव्यवस्थेविषयी निबंध प्रसिद्ध केला, त्यात खरेदीच्या टोपलीचे उदाहरण आहे. दोन पाठ भिन्न निघाले तर ते दोन्ही एकत्र करायचे असे त्यांनी ठरवले. त्यामुळे टोपलीत टाकलेली वस्तू हरवत नाही. मात्र काढून टाकलेली वस्तू कधीकधी परत प्रकटते. संहितासंपादनाच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी लोपापेक्षा प्रक्षेप पत्करला. दुकानदाराने तो का पत्करावा हे उघड आहे. परीक्षेच्या अर्जात असा प्रक्षेप झाला तर विद्यार्थ्याने सोडलेला विषय त्याच्या माथी बसेल, हेही तितकेच उघड आहे. कोणता दोष चालेल हे गणित ठरवत नाही. कोणाचे नुकसान सोसवेल हे ज्याने ठरवले त्यावर ते ठरते.

तिसरा उपाय आज सर्वाधिक दिसतो. पेट्या कोणाच्याच खोलीत ठेवायच्या नाहीत. सर्वांना सारखे एक सामाईक दफ्तर ठेवायचे. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली लाइव्हजर्नलसाठी केलेले मेमकॅश्ड आणि साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी २००९ साली आणलेले रेडिस ही या कामाची प्रसिद्ध अवजारे. सर्व्हर कोणताही असो, अंगठी पाहिली की दफ्तरातून ती पेटी मागवायची, काम करायचे, परत ठेवायची. व्यवस्था सुटसुटीत आहे, पण सगळे ओझे दफ्तरावर येते. मेमकॅश्ड तर सारे तात्पुरत्या स्मृतीतच ठेवते. जागा संपली की फार दिवसांत न पाहिलेले टाकून देते, वीज गेली की काहीच उरत नाही. दफ्तर एकच असले की काय होऊ शकते हे पुण्यात राहणाऱ्याला ५ जानेवारी २००४ नंतर वेगळे सांगायला नको. भांडारकर संस्थेची फुटलेली कपाटे आणि जमिनीवर पसरलेली पाने ज्यांनी पाहिली त्यांना एकाच इमारतीत साठवलेल्या स्मृतीची नाजूकता कळली. दफ्तराचीही जुळी प्रत हवी, आणि ती दुसऱ्या गावी हवी.

चौथी तऱ्हा अगदी उलट टोकाची: सर्व्हरने काहीच ठेवायचे नाही, सगळा मजकूर माणसाच्याच हाती शिक्कामोर्तब करून द्यायचा. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात प्रत्येक विनंतीने आपला संदर्भ स्वतःबरोबर आणावा असे तत्त्व मांडले होते, त्याच्याशी हे जुळते. शिवकालीन पत्राच्या अखेरीला मोर्तब असे, त्यापुढे कोणी एक अक्षर घुसडू नये म्हणून. इथे तेच काम गणिती स्वाक्षरी करते. सनद जवळ असली की कोणत्याही ठाण्यात चालते. पण कुकीत मावतो चार किलोबाइटांच्या आसपासचा मजकूर, आणि दिलेली सनद मुदतीआधी परत घेणे कठीण. माणसाला दरबारातून काढले तरी त्याच्या हातची सनद मुदत संपेपर्यंत बोलत राहते. ती रद्द झाली हे कळायला शेवटी एक दफ्तर ठेवावेच लागते.

या सगळ्या खटाटोपामागचा हेतू एकच असल्याचे आमच्या विद्यार्थ्याने सांगितले: कोणताही सर्व्हर कधीही बंद करता यावा. त्यांच्यात एक वाक्प्रचार रूढ आहे. सर्व्हरला घरच्या कुत्र्या-मांजरासारखे नाव देऊन जपू नये, गुरांच्या कळपासारखे क्रमांक द्यावेत. एक आजारी पडले तर बदलून दुसरे आणावे. ज्याने हे रूपक केले त्याच्या देशात गुरे तशी असतील. आमच्याकडे ढवळ्या आणि पवळ्या ही नावे आहेत, आणि पोळ्याला त्यांच्या खांद्याला हळद-लोणी लावतात. पण रूपकाचा दोष सोडला तर तत्त्व रास्त आहे. यंत्र बदलता यावे म्हणून स्मरण यंत्राबाहेर ठेवले. बदलीयोग्यता हवी असेल तर तिची किंमत म्हणून सामाईक स्मरणाची सोय आधी करावी लागते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

आमच्या क्षेत्रात पहिली गोष्ट आली, दुसरी आली नाही. आम्ही दोघांनी उमेदीची बरीच वर्षे तासिका तत्त्वावर काढली. नेमणूक वर्षापुरती, मानधन तासावर, उन्हाळ्यात नाव कमी, पावसाळ्यात पुन्हा मुलाखत. आमच्यातल्या एकीने एका आठवड्यात तीन गावांतल्या तीन महाविद्यालयांत शिकवलेले आहे. आता आम्ही कायम आहोत, पण आमच्या विभागात आणि आजूबाजूच्या बहुतेक विभागांत तासिकेवरची माणसे येतात आणि जातात. त्यांच्या गुणवत्तेविषयी आमची तक्रार नाही; अनेकजण आमच्याहून ताजे वाचलेले असतात. व्यवस्थेने त्यांना सहज बदलता येणारे केले, आणि ती जाताना त्यांच्या ठायी असलेले वर्गाविषयीचे स्मरण त्यांच्याबरोबर एसटीत बसून निघून गेले.

तृतीय वर्षाच्या विशेष मराठीला एक मुलगी होती. घरची बोली भिली. चर्चासत्राच्या निबंधासाठी तिला काय करायला आवडेल असे आम्ही विचारले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "सर, मी हे आधी सांगितलंय." प्रथम वर्षाला तिने सांगितले होते की आजीला लग्नातली पुष्कळ गाणी येतात. त्या वेळच्या तासिकेवरच्या मॅडमनी तिला ती लिहून काढायला सांगितले होते, देवनागरीत भिलीचे उच्चार कसे दाखवायचे यावर दोघी बसल्याही होत्या, सतरा गाणी झाली होती. द्वितीय वर्षाला मॅडम नव्हत्या. नव्या सरांनी सर्वांना ग्रामीण कादंबरीवर लिहायला सांगितले, तिनेही लिहिले. तिसऱ्या वर्षाला आम्ही. तिच्या बोलण्यात राग नव्हता. सातव्यांदा बैठक क्रमांक भरणाऱ्या मुलाचा असतो तसा एक शिष्ट कंटाळा होता. खूण तिच्याकडे होती, ती दाखवायला ती दर वर्षी येत होती. आजी मधल्या काळात अंथरुणाला खिळली होती.

त्यानंतर विभागात आम्ही एक वही सुरू केली. साधी, दोनशे पानी, कपाटात किल्लीशिवाय. प्रत्येक विद्यार्थ्याला अर्धे पान: काय करतो आहे, कुठवर आले, पुढचे काय ठरले. सत्र संपताना जाणाऱ्याने लिहायचे, येणाऱ्याने पहिल्या तासाआधी वाचायचे. काय लिहायचे नाही यावर अधिक वाद झाला. घरची भांडणे, फी थकल्याचे, कोण कोणाबरोबर दिसते ते, यातले काही नाही. मुलगा वर्गात शिरण्याआधी त्याची कीर्ती शिरू नये. सेशनमध्ये कमीत कमी ठेवावे, मोठे सेशन सगळ्यांनाच जड होते, हे आमच्या विद्यार्थ्याचे सांगणे तिथे उपयोगी पडले. मुदतीवर आमचे दोघांचे अजून जमलेले नाही. एकाचे म्हणणे, पदवी झाली की पान फाडावे. माणसाला विसरले जाण्याचाही हक्क असतो, आणि पहिल्या वर्षाचे अडखळणे कायमचे नोंदलेले असू नये. दुसरीचे म्हणणे, म्हाइंभटाने असा विचार केला असता तर? सध्या पाने फाडलेली नाहीत, वर्ग सुटलेल्यांची पाने दोऱ्याने बांधून ठेवली आहेत.

त्या मुलीच्या पानावर शेवटची नोंद आमच्या हातची नाही. यंदा आलेल्या तासिकेवरच्या सरांची आहे, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात: 'एम.ए. भाग १ला प्रवेश घेतला. गाणी ४१ झाली. आजीला बोलताना धाप लागते म्हणून एका बैठकीत दोनच घ्यावीत. रेकॉर्डिंग तिच्या फोनवर आहे, एक प्रत विभागाच्या संगणकावर, एक मामाकडे.'